शंभर दाण्यांचा खेळ

आजच्या प्रयोगाला परीक्षानळी नको, भिंग नको, विजेची तारही नको. ओंजळभर सोयाबीन, एक नाणं आणि खेळायला दहा जण एवढं असलं की झालं.

रिसोडमध्ये तर यातलं काहीच शोधावं लागत नाही. दसऱ्याच्या आगेमागे वाशिम जिल्ह्यातल्या या तालुक्यात या. सोंगणी उरकलेली असते, वावरावावरांत सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात. मळणी यंत्राचा धुराळा उडतो, कुटाराचा वास नाकात बसतो आणि बाजार समितीच्या रस्त्याला पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. रस्त्यावर सांडलेले दाणे वेचले तरी आपलं काम भागेल. कारण खेळाला लागणारे सोयाबीनचे 1000 दाणे म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम, एवढेच!

आता प्रयोगातून उत्तर कोणत्या प्रश्नाचं शोधायचं? तुम्ही कधी ना कधी विचारलेल्याच एका प्रश्नाचं. एकाच गावात एकाच्या वाड्यापुढे दोन गाड्या उभ्या असतात आणि दुसऱ्याच्या घरी पाऊस आला की भांडी मांडावी लागतात. असं काऊन?

मोठ्यांना विचारलंत तर तीन उत्तरं मिळतील. कुणी म्हणेल, ‘ते कष्ट करतात, हे आळशी.’ कुणी म्हणेल, ‘त्यांनी लबाडी केली असणार.’ आणि कुणी वर बोट दाखवून म्हणेल, ‘नशीब!’

विज्ञानात अशा वेळी एक युक्ती करतात. ज्या-ज्या कारणांचा संशय आहे, ती एकेक करून बाजूला काढायची आणि मग काय उरतं ते पाहायचं. आपणही तसंच करू. असा खेळ मांडू, की त्यात आळशी कुणी नाही, लबाड कुणी नाही आणि सुरुवात सगळ्यांची अगदी सारखी.

खेळ मांडा

दहा जण सतरंजीवर गोल बसा. प्रत्येकाला 100 दाणे मोजून द्या. आता जोड्या लावा. जोडीत ज्याचे दाणे कमी, त्याच्या ढिगाचा पाचवा हिस्सा डावावर लावायचा. दोघांचे सारखे असतील तर कुणाच्याही ढिगाचा पाचवा हिस्सा धरा. नाणं उडवा. छापा पडला तर एक जिंकला, काटा पडला तर दुसरा. जिंकणाऱ्याला तेवढे दाणे हरणाऱ्याने द्यायचे. दाण्याचे तुकडे करायचे नाहीत, वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. ढीग पाचपेक्षा खाली गेला तर डाव एका दाण्याचा. दर डावाला जोडीदार बदला.

किती प्रामाणिक खेळ आहे पाहा. डाव लावताना कुणाला झेपणार नाही एवढं लावावं लागत नाही, कारण कमी दाणेवाल्याच्याच ढिगावरून डाव ठरतो. नाणं तर कुणाचंच नातेवाईक नाही. जिंकण्याची संधी दोघांना निम्मी-निम्मी.

आता खेळण्याआधी वहीत अंदाज लिहून ठेवा. पन्नास-साठ डावांनंतर कुणाकडे किती दाणे असतील? ‘थोडं इकडे-तिकडे, पण सगळ्यांकडे शंभराच्या आसपास,’ असंच बहुतेक जण लिहितील.

आणि मग खेळा.

पहिल्या पाच-सहा डावांत काही खास दिसणार नाही. कुणाचे 140, कुणाचे 70. पण पुढे पुढे चित्र पालटतं. दोघा-तिघांपुढे ढीग वाढू लागतो. बाकीच्यांचे आटत जातात. कुणी वीसवर येतं, कुणी दहावर, कुणी चारवर. खेळ लांबवत नेला तर शेवटी जवळपास सगळे दाणे एकाच्याच पुढे जमा होतात! तो हुशार होता म्हणून नाही. त्याने फक्त नाणंच उडवलं होतं. पुन्हा खेळलात तर ढीग दुसऱ्याच कुणापुढे लागेल, पण लागेल खरा.

ते चार दाणे गेले कुठे?

नाणं प्रामाणिक, नियम प्रामाणिक, मग ही दरी आली कुठून? पाटी घ्या.

तुमच्याकडे 100 दाणे आहेत आणि जोडीदाराकडे नेहमीच तुमच्यापेक्षा जास्त. म्हणजे डाव दर वेळी तुमच्याच ढिगाच्या पाचव्या हिश्श्याचा. पहिला डाव तुम्ही हरलात, 20 गेले, 80 उरले. दुसरा डाव जिंकलात. पण आता पाचवा हिस्सा 80चा, म्हणजे 16. झाले 96.

एक हरला, एक जिंकला, तरी चार दाणे कमी!

बरं, उलटं करून पाहा. आधी जिंका: 100चे 120. मग हरा: 120चा पाचवा हिस्सा 24, उरले 96. पुन्हा 96च! आणखी एकदा एक हार, एक जीत झाली की 92. खाली उतरायला एक पायरी आणि परत वर चढायला सव्वा पायरी, असा हा जिना आहे.

आता मोठ्या ढिगावाल्याकडे पाहा. त्याच्याकडे 400 दाणे आणि समोरच्याकडे 50. डाव 10 दाण्यांचा. समोरच्यासाठी तो पाचवा हिस्सा, पण 400वाल्यासाठी चाळिसावा. तो हरला तर त्याला कळणारही नाही. समोरचा हरला तर मात्र त्याचा ढीग हलका होतो. दाणे दोघांचे दहाच, पण धक्का दोघांना सारखा नाही. सगळी मेख इथे आहे.

या खेळाचा शोध अर्थशास्त्राच्या नव्हे, पदार्थविज्ञानाच्या अंगणात लागला. हवेतले रेणू एकमेकांवर आदळतात आणि आपली ऊर्जा एकमेकांना देतात-घेतात. माणसांच्या व्यवहारांनाही तेच गणित लावून पाहिलं तर? भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अनिर्बाण चक्रवर्ती यांनी 2002 साली असंच पैशांच्या देवघेवीचं एक गणिती प्रारूप मांडलं. पुढे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले गणितज्ञ ब्रूस बोगोसियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा खोलवर अभ्यास केला. निष्कर्ष तोच निघाला, जो तुमच्या सतरंजीवर निघाला: काहीच केलं नाही तर दरी आपोआप वाढते.

हाच खेळ वावरात

आता सतरंजीवरून उठू आणि रिसोडच्या शिवारात जाऊ.

इथली बरीच शेती कोरडवाहू, पावसावर जगणारी. समजा, दोन शेतकरी आहेत. एकाचं दोन एकर कोरडवाहू वावर. दुसऱ्याचं वीस एकर आणि त्यात पाण्याची विहीर. दोघांवर सारखाच पाऊस पडतो आणि सारखाच दडी मारतो. ऐन शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे पाऊस आलाच नाही, तर विहीरवाला तुषार संच लावून एक पाणी देतो. कोरडवाहू वावरातले दाणे बारीक राहतात. पावसाने भेदभाव केला नाही, पण धक्का दोघांना सारखा बसला का?

पुढे पाहा. लहान शेतकऱ्याने बियाणं-खत उधारीवर आणलेलं असतं. सोंगणीची मजुरी द्यायची असते, पोरांच्या वह्या-पुस्तकांचं असतंच. म्हणून मळणी झाली की दुसऱ्या दिवशी पोती बाजारात न्यावीच लागतात. त्याच वेळी सगळ्यांचीच सोयाबीन बाजारात येते, आणि बाजारात माल दाटला की भाव उतरतो. मोठा शेतकरी पोती गोदामात ठेवून भाव चढायची वाट पाहू शकतो. कधी त्याचाही अंदाज चुकतो, भाव आणखी पडतो. पण तो त्याला सोसतो. 400 दाणेवाला आठवला ना?

म्हणून कुणाचं पडकं घर पाहून ‘आळशी असतील’ असं म्हणायच्या आधी ते 96 दाणे आठवा.

आणखी एक गोष्ट. आपल्या खेळात सगळ्यांना सुरुवातीला 100 दाणे मिळाले. खऱ्या जगात कुणाला 1000 मिळाले, कुणाला पाच. आपल्या देशात तर जातीच्या नावाखाली कितीतरी लोकांना जमीन, पाणी, शाळा यांपासून शतकानुशतकं लांब ठेवलं. मुलींना पाटी-पेन्सिल नाकारली. म्हणजे त्यांना खेळात बसूच दिलं नाही! ती दरी आपोआप नाही पडली, ती माणसांनी खणली.

जगाचे शंभर दाणे

आता सगळं जग एका ताटात मांडू. 100 दाणे घ्या. ही जगातली सगळी संपत्ती: जमिनी, घरं, कारखाने, सोनं, बँकेतला पैसा. आणि समजा, जगात माणसं फक्त 100 आहेत. 2022च्या जागतिक विषमता अहवालातल्या आकड्यांप्रमाणे वाटणी करा.

सगळ्यात श्रीमंत 10 जणांना 76 दाणे.

मधल्या 40 जणांना 22.

आणि उरलेल्या 50 जणांना मिळून फक्त 2.

पन्नास माणसं आणि दोन दाणे. ताटात मांडून पाहा आणि जरा वेळ बघत राहा.

अशी दरी मोजायला पट्टीसुद्धा आहे. इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी ती 1912 साली तयार केली. सगळ्यांकडे सारखं असेल तर जिनी अंक 0. सगळं एकाकडेच असेल तर 1. म्हणजे आपला खेळ 0वर सुरू झाला आणि 1कडे धावत गेला! देशांमधल्या लोकांच्या मिळकतीला ही पट्टी लावली की दक्षिण आफ्रिका 0.63च्या आसपास येते. युरोपातले स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया 0.25च्या आसपास थांबतात. खेळ तर सगळ्या देशांत चालू आहे. मग काही देशांत दरी कमी कशी राहिली?

त्यांच्या खेळात एक परात असते.

आता परात आणा

पुन्हा सगळ्यांना 100-100 दाणे द्या. नियम तेच, फक्त एक नियम वाढवा. प्रत्येक डावानंतर सगळ्यांनी आपल्या ढिगाचा दहावा हिस्सा मधल्या परातीत टाकायचा. मग परातीतले दाणे दहा जणांत सारखे वाटायचे.

गंमत बघा. एकूण दाणे 1000, म्हणून परातीत दर वेळी साधारण 100 दाणे जमणार आणि प्रत्येकाच्या वाट्याला 10 येणार. 400वाला 40 टाकतो आणि 10 परत घेतो. 100वाला 10 टाकतो, 10 घेतो, त्याचं काही गेलं नाही, काही आलं नाही. 10वाला 1 टाकतो आणि 10 घेतो. सगळं हरलेला तर काहीच टाकत नाही, पण त्यालाही 10 मिळतात आणि तो पुन्हा खेळात येतो!

आता साठ डाव खेळा. कुणाचे जास्त असतील, कुणाचे कमी. जिंकायची मजाही राहील. पण सगळे दाणे एकाकडे जाणार नाहीत आणि कुणाचंच ताट रिकामं राहणार नाही. आज जो 400वर आहे तो उद्या खाली आला, तर तीच परात त्यालाही सावरेल.

परातीला खऱ्या जगात आपण कर म्हणतो. आणि परातीतून जे परत येतं, त्याला शाळा, दवाखाना, रेशन, रस्ता, काम अशी नावं आहेत.

पण परातीवर नजर ठेवावी लागते, बरं का. ती उलटीही फिरू शकते. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी हेच मांडलं. सरकारचा खजिना शेतकऱ्यांच्या घामातून भरतो, पण शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या कामी येतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे परात कोण भरतं आणि दाणे कुणाकडे जातात, दोन्ही तपासायला हवं.

फेब्रुवारीचं कोडं

आता एक कोडं. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या एखाद्या काका-काकूंना त्यांच्या पगाराची पावती दाखवायला सांगा. ‘व्यवसाय कर’ अशी ओळ सापडेल. बहुतेक महिन्यांत तिथे 200 रुपये कापलेले असतात. फेब्रुवारीत मात्र 300! सगळ्यात छोट्या महिन्यात कर जास्त, असं काऊन?

गणित करा. 11 महिने 200 म्हणजे 2200, अधिक 300, झाले 2500. आपल्या राज्यघटनेने या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे. ती बरोबर गाठण्यासाठी शेवटचे शंभर फेब्रुवारीत!

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. हा कर महाराष्ट्रात 1975च्या कायद्याने सुरू झाला तो कशासाठी? खेड्यातल्या गरिबांना काम देता यावं म्हणून. शहरातल्या पगारदारांकडून थोडं-थोडं घ्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून गावात काम मागणाऱ्याला मजुरी द्यायची. अगदी आपली परात!

या कल्पनेमागे होते वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. ते अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. 1965च्या सुमारास तासगाव भागात एक छोटा प्रयोग झाला: गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. मग 1972चा भयंकर दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, खडी फोडायची कामं, सुकडी आणि मिलो ज्वारी यांच्या आठवणी निघतील. 1973च्या उन्हाळ्यात तर दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास 50 लाख माणसं होती. त्या दिवसांनी साऱ्या महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली. भूक लागलेल्या माणसाला भीक नको असते, काम हवं असतं.

1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. बाई असो की पुरुष, कामाचा दर सारखाच. या कामांतून रस्ते झाले, बांध-बंधारे झाले, पाझर तलाव झाले, विहिरी झाल्या. 1990 पासून लहान शेतकऱ्यांच्या वावरांत याच योजनेतून फळबागाही लागल्या. आणि 2005 साली संसदेने साऱ्या देशासाठी तसा कायदा केला, वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देणारा. पुन्हा तोच आकडा, शंभर!

आता विहिरीचा विचार करा. मजुरी तर आठवड्यात खर्चून जाते. पण कोरडवाहू वावरात विहीर झाली की पुढच्या पावसाच्या खंडाचा धक्काच लहान होतो. 50 दाणेवाल्याचा डाव पाचव्या हिश्श्यावरून दहाव्यावर येतो. दरी अशीही बुजते.

जिल्ह्या-जिल्ह्यांची परात

दरी फक्त माणसा-माणसांत नसते. जिल्ह्या-जिल्ह्यांतही असते. 2018 साली केंद्र सरकारने देशातले शंभराहून थोडे जास्त मागे पडलेले जिल्हे निवडले आणि त्यांना आकांक्षित जिल्हे म्हटलं. आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी यांवर तिथे जास्त लक्ष द्यायचं ठरलं. महाराष्ट्रातून चारच जिल्हे निवडले: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि रिसोड ज्यात येतं तो वाशिम.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून 125 मागास तालुक्यांसाठी निळ्या रंगाच्या एसटी बस सुटल्या, शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी. गावात सातवीपर्यंतच शाळा आणि हायस्कूल आठ किलोमीटरवर असलं की सगळ्यात आधी मुलीचं शिक्षण थांबतं. बस दारात आली की ते थांबत नाही. परातीतला दाणा कधी कधी असा चार चाकांवर येतो!

आणि देशा-देशांतल्या दरीचं काय? 1970 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं, की श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा 0.7 टक्का भाग गरीब देशांना द्यावा. म्हणजे 100 रुपयांमागे 70 पैसे. 100 दाण्यांतला एक पूर्ण दाणाही नाही! तरी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश तो शब्द पाळत आले. पण निराश होऊ नका. 1990 साली जगात दर तीन माणसांत एकाहून अधिक माणूस अत्यंत गरीब होता. आज ते प्रमाण दहांत एकाच्या आसपास आलं आहे. दरी बुजवायचं मनावर घेतलं तर ती बुजते, याचा हा पुरावा.

दाणे पेरून पाहा

शेवटी एक सांगायचं राहिलं. आपल्या खेळात 1000 दाणे शेवटपर्यंत 1000च राहिले. खऱ्या वावरात तसं नसतं. सोयाबीनच्या चांगल्या झाडाला चाळीस-पन्नास शेंगा लागतात, शेंगेत दोन-तीन दाणे असतात. म्हणजे एका दाण्याचे शंभर! पण त्यासाठी दाणा हातात हवा, आणि तो उगवणारा हवा.

रिसोड तालुक्यातच करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या अशा केंद्रांचं काम एकच, प्रयोगशाळेतलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधावर नेणं. पेरणीआधी कृषितज्ज्ञ शेतकऱ्यांना एक चाचणी करायला सांगतात. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि ओल टिकवायची. आठवडाभराने उघडून चांगले उगवलेले दाणे मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं. एक पैसा खर्च नाही. पण दोन एकरवाल्याचं बियाण्याच्या महागड्या पिशवीचं कर्ज वाचतं आणि दुबार पेरणीचा धोकाही टळतो.

म्हणून खेळ संपला की दाणे फेकू नका. त्यातलेच 100 निवडा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठ दिवसांनी दहाही जणांनी मिळून ते उघडा आणि मोजा. मग ज्याच्या घरी वावर कमी आहे, त्याच्या बांधाशी पहिले कोंब सगळ्यांनी मिळून लावा.